सांडूच्या ओठावरचा अमीन

मी एक मिशी बोलतेय. हस, खुशाल हस. सगळा जन्म ओठावर बसून काढलाय मी, हसण्याचं मला काही नवल नाही. माणूस हसला की मी दोन्ही टोकांनी वर जाते, एवढंच. पण हसून झालं की जरा इकडं लक्ष दे. एक गोष्ट लई दिवसांपासून पोटात ठेवलीय अन् ज्यांच्या ओठावर बसले त्यांना ती कधी सांगता आली नाही. ओठावरून त्यांचा कान फार लांब पडतो.

मी खोटी मिशी आहे. आधीच सांगून टाकते, नंतर बोलणी नकोत. मी उगवलेली नाही, बांधलेली आहे. औरंगाबादेत शहागंजला जब्बार नावाचा हज्जाम होता. दिवसभर लोकांच्या दाढ्या काढायचा अन् संध्याकाळी नाटकवाल्यांसाठी दाढ्या बनवायचा. निजामाचं राज्य होतं, निजामाच्या सरकारी सालानं सन फसली तेराशे अडतीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अठ्ठावीसच्या सुमाराचं. मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्याच्या दुकानात कॅलेंडर होतं अन् सात दिवस मी त्याच्याच समोर खिळ्याला टांगलेली होते.

माझ्यातले केस दोन ठिकाणचे. निम्मे छावणीतल्या चतुराबाईचे. ती रोज विंचरून झालं की गळालेले केस गुंडाळून भिंतीच्या फटीत ठेवायची अन् सुया-पोत विकणारी बाई आली की तिला ते देऊन काळे मणी घ्यायची. उरलेले निम्मे टांग्याच्या घोडीच्या शेपटीचे. जब्बार म्हणायचा, नुसत्या बाईच्या केसांची मिशी लोळते अन् नुसत्या घोडीच्या केसांची टोचते, म्हणून निम्मं निम्मं.

आता तूच सांग, अशा मिशीनं स्वतःला काय समजावं? पहिले सात दिवस माझी काय तारांबळ उडाली. रस्त्यानं टांगा गेला की माझं निम्मं अंग पळायला निघायचं अन् निम्मं अंग म्हणायचं, अगं थांब, पदर तरी नीट घे. तेलाचा वास आला की मला छावणीतलं घर आठवायचं, चंदीचा, म्हणजे घोड्याच्या दाण्याचा, वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. तोंड तर मला नव्हतंच. मग पाणी सुटायचं कुणाला, याचा विचार करता करता मला गरगरायला लागायचं अन् मी खिळ्यावर गोल फिरायचे. जब्बारला वाटायचं वारा आला.

आठव्या दिवशी सांडू आला. सांडू बहुरूपी. उंच, सावळा, गालफडं बसलेली, अन् चेहरा असा की पाठ फिरवली की विसरावा. त्याच्या धंद्याला तेच लागतं.

"कैसी होना?" जब्बारनं विचारलं. "पैलवानाची, सावकाराची का सरकारची?"

"सरकारची."

"जमादाराची का अमीनाची?"

"अमीनाची दे. जमादाराला आता पोरंसुदिक भीत नाय."

अमीन म्हणजे त्या वेळचा ठाण्याचा मुख्य अंमलदार. खाकी वर्दी, कमरेला पट्टा, अन् पट्ट्याच्या आधी दिसते ती मिशी. जब्बारनं मला डिंक लावून सांडूच्या ओठावर बसवलं अन् आरसा समोर धरला. आरशात सांडू कुठंच नव्हता. आरशात एक अमीन होता अन् त्याच्या मधोमध मी होते. देवाशपथ सांगते, माझं गरगरणं त्या घटकेला थांबलं. घोडी गप, चतुराबाई गप. मला कळून चुकलं की मी अमीन आहे.

मग काय विचारतोस. पाच वर्षं मी मराठवाड्यातले बाजार गाजवले. बाजारात शिरलं की सांडू एखाद्या शेतकऱ्यासमोर उभा राहायचा अन् दरडावायचा, "तुझ्या म्हशीनं काल सरकारी नाल्यात बसून सरकारी पाणी गढूळ केलं. चल ठाण्यावर." माणूस टरकायचा. मग दुसऱ्याकडं वळायचा, "तुझा कोंबडा पहाटं बिनपरवाना आरवला. परवाना काढ, न्हाय तर कोंबडा काढ." हळूहळू लोकांच्या ध्यानात यायचं अन् हशा पिकायचा. हशा पुरता पिकला की सांडूचा हात माझ्याकडं यायचा. एका बाजूनं मला सोलून तळहातावर ठेवायचा, दुसऱ्या हातानं सलाम करायचा अन् म्हणायचा, "सोंग सरलं, मायबाप." मगच लोक बक्षीस द्यायचे.

त्याच्या बापाची शिकवण होती ही. मिशी ओठावर असताना कुणाचा दाणा घ्यायचा नाही, अन् दुसऱ्याच्या हातानं मिशी उतरू द्यायची नाही. साळूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकदा विचारलं की असं का. तर सांडू म्हणाला, "ओठावर असताना घेतलं तर ती लाच. उतरवून घेतलं तर ते बक्षीस." साळूबाईला पटलं. मला पटलं नव्हतं.

कारण मला वाटायचं, भीती माझी, हशा माझा, अन् बक्षीस मात्र सांडूचं. मी ओठावर असले की लोक उठून उभे राहायचे. मी तळहातावर गेले की म्हणायचे, आरं हा तर सांडू. म्हणजे अमीन कोण? मीच की. सांडू हा मला या गावाहून त्या गावाला नेणारा गडी. असा माझा तोरा. फक्त रात्री डबीचं झाकण लागलं की एक शंका छळायची. डबीत अमीन कुठं जातो? डबीत तर फक्त थोडे केस असतात. मग मी डोळे मिटून घ्यायचे. डोळे मला नाहीत ते सोड.

आता खरी गंमत ऐक. पाचोडच्या अलीकडं एक बाजाराचं गाव आहे. नाव सांगत नाही, त्या गावाची लोक अजून चेष्टा करतात. मागच्या बाजाराला सांडूनं तिथं माझं सोंग केलं होतं अन् पुढच्या बाजाराला पुन्हा येतो म्हणून सांगितलं होतं. त्या खेपेला घामानं मी एका बाजूनं सुटले होते, म्हणून या खेपेला साळूबाईनं डिंकात राळ घातली. चिमूटभर घालायची तिथं मूठभर घातली. मी ओठाला अशी बसले की उगवले असते तरी इतकी पक्की बसले नसते.

त्याच दिवशी गावच्या ठाण्यावर नवे अमीन यायचे होते. ठाण्यावर दोन जवान, दोघंही आदल्या दिवशी दुसरीकडून बदलून आलेले. त्यांना ना गाव ठाऊक, ना सांडू, ना नवे साहेब. त्यांच्यापाशी होता तो हुलियाचा कागद. सरकारी नोकराचं वर्णन कागदावर लिहिलेलं असायचं, त्याला हुलिया म्हणायचे. कागदावर होतं: उंच, सावळा, मिशा झुपकेदार.

जवानांनी बाजारात बघितलं तर समोरून येतोय उंच, सावळा अन् मी.

त्यांनी खाडकन टाचा जुळवल्या. सांडू गडबडला, पण सोंगात होता, त्यानंही हात वर केला. गावकरी पोट धरून हसले. त्यांना वाटलं, सांडूनं आज जवानसुद्धा सोंगात आणलेत, काय खर्च केलाय गड्यानं. जवान त्याला मानानं ठाण्यावर घेऊन निघाले अन् गाव मागं टाळ्या पिटत निघालं. सांडूनं घाबरून मला हात घातला, "सोंग सरलं, मायबाप" म्हणाला अन् ओढलं. मी हलले नाही. पुन्हा ओढलं. राळ ती, सोडते होय? जवानांना वाटलं, साहेब रागानं मिशीला पीळ देतायत. त्यांनी आणखी एक सलाम ठोकला अन् सांडूला खुर्चीत नेऊन बसवलं.

खरं सांगू? मला काय आनंद झाला म्हणून सांगू. खरं ठाणं, खरी खुर्ची, खरे जवान. मी मनात म्हटलं, आज काय ते एकदाचं शाबीत झालं. माझ्याखाली सांडूचा ओठ घामानं भिजला होता, पण माझं तिकडं लक्ष नव्हतं.

इकडं खरे अमीन बाजाराच्या दुसऱ्या टोकाला टांग्यातून उतरले. त्यांचं नाव कमरोद्दीन. हा भाग मला नंतर कळला, त्यांच्याच तोंडून, अन् तेव्हा मी त्याच तोंडावर होते. मुदतीच्या तापानं ते तीन महिने अंथरुणाला खिळले होते. तापात डोक्याचे केस गेले, भुवया विरळ झाल्या अन् मिशी तर मुळापासून गेली. तेही उंच, तेही सावळे. ऊन मी म्हणत होतं, म्हणून त्यांनी टोपी काढून हातात उलटी धरली अन् रुमालानं टक्कल पुसलं.

आता गावानं काय बघितलं ते ध्यानात घे. अमीनाची वर्दी, ओठावर मिशी नाही, टोपी उलटी हातात. या गावात याचा एकच अर्थ होता. सोंग सरलं, मिशी उतरली, आता बक्षीस मागतोय. अन् सांडूचा खरा चेहरा कुणालाच धड ठाऊक नव्हता, पाठ फिरली की विसरावा असाच तो होता. टाळ्या पिटणारे त्या टोकाला होते, या टोकाच्या लोकांना तिकडची वार्ता नव्हती.

पाटलाच्या द्वारकाबाई ज्वारीच्या पोत्याजवळ बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांडू, आज मिशी आधीच उतरवली व्हय रं? अन् डोई कशापायी भादरली?"

"बाई, मी अमीन आहे. कमरोद्दीन."

"व्हय बाबा, व्हय. लई झ्याक झालंय." अन् त्यांनी पसाभर ज्वारी टोपीत ओतली.

"ओ बाई, नक्को. मैं सच्चीच अमीन हूं."

"आवाज तर बग कसा काढतंय," म्हणून शेजारच्या माळणीनं दोन कांदे टाकले. एकानं ढब्बू पैसा टाकला. कमरोद्दीन जितके चिडले तितकं लोकांनी दिलं. राग लई खरा काढतो म्हणून एका म्हाताऱ्यानं गुळाचा खडा वर ठेवला. बिचारे भरलेली टोपी दोन्ही हातांत धरून ठाण्यावर आले. टाकून का दिली नाही, असं मी मागाहून मनात म्हटलं. तर अन्न कसं टाकायचं, असं त्यांच्या मनात आलं होतं.

दारात जवान आडवे झाले. "ए बहुरूप्या, हितं न्हाय. आत अमीनसाहेब बसलेत."

सांडूनं खुर्चीतून बघितलं अन् तो ताडकन उठला. त्यानं कसं ओळखलं, ते त्यानंच पुढं साळूबाईला सांगितलं. सोंग घेतलेला माणूस सारखा लोकांकडं बघतो, कोण हसतंय, कोण भितंय. हा माणूस कुणाकडंच बघत नव्हता. त्याचे पाय दुखत होते अन् तो खुर्चीकडं बघत होता.

"पाणी तापवून आना रं," सांडूनं जवानांना हुकूम सोडला अन् ते पळाले. मग दार लोटून त्यानं कमरोद्दीनचे पाय धरले. "साहेब, चूक झाली. मिशी निघंना हो. बसा, ही खुर्ची तुमचीच."

कमरोद्दीन ओरडतील असं मला वाटलं. ते नुसते बसले. टोपी टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "तू बी गया, मैं बी गया."

झालं होतं असं. दुपारी जिल्ह्याचे मोठे पोलीस साहेब येणार होते, मोहतमीम म्हणायचे त्यांना. कमरोद्दीन आजारी आहे, कामाचा राहिला नाही, त्याची जागा मला द्या, असा अर्ज दुसऱ्या एकानं केला होता. म्हणून साहेब स्वतः हुलिया ताडून बघणार अन् मगच ठाणं द्यायचं का ते ठरवणार. कागदावर मिशा झुपकेदार अन् इथं ओठ पोराचा. अन् सांडूचं काय? सरकारी वर्दीत सरकारी खुर्चीत बसला म्हणून सहा महिने कैद. एकाची नोकरी जाणार होती अन् एकाची सुटका अवघड होती.

दोघं एकदम माझ्याकडं बघायला लागले. कुणी मला अशा नजरेनं बघितलं नव्हतं. मी लाजले.

गरम पाणी आलं, साळूबाई बाजारातून तिळाचं तेल घेऊन आली, अन् मला उतरवायला लागले. सांडूनं स्वतःच्याच हातानं ओढलं, डोळ्यांत पाणी आलं तरी साळूबाईला हात लावू दिला नाही. मी निघाले तेव्हा त्याच्या ओठाची थोडी साल माझ्याबरोबर आली. मग कमरोद्दीननी मला घेतलं अन् साध्या डिंकानं आपल्या ओठावर बसवलं. आता माझ्यात चतुराबाई, घोडी अन् थोडा सांडू, इतके सगळे झाले.

आणि मी खऱ्या अमीनाच्या ओठावर होते. खोटी मिशी, खरा अमीन. मला वाटलं, आता तरी मी खरी झाले असणार. पण एक गोष्ट मला समजेना. सांडूचा ओठ पाच वर्षांत सोंग करताना कधी थरथरला नाही. खऱ्या अमीनाचा ओठ माझ्याखाली सारखा थरथरत होता.

मोहतमीम साहेब घोड्यावरून आले. पिकलेली दाढी, हातात छडी. कागद उघडला. कमरोद्दीनकडं बघितलं. "उंच. सावळा. मिशा झुपकेदार. ठीक." जवान एकमेकांकडं बघत होते. सकाळपासून त्यांनी एकच मिशी दोन माणसांवर बघितली होती, पण तोंड उघडायची सोय नव्हती. कमरोद्दीननी श्वास सोडला अन् मला वाटलं, संपलं, जिंकले.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "येताना बाजारात ऐकलं. कुणी एक माणूस वर्दी घालून सकाळी या खुर्चीत बसला होता. कोण आहे तो?"

सांडू कोपऱ्यात वर्दी उतरवून धोतर-बंडीवर उभा होता. ओठ लालभडक सुजलेला. तो पुढं झाला. "मी हुजूर. मी बहुरूपी हाय. चुकून बसलो."

"बहुरूपी आहेस कशावरून?"

"हा माझा नवरा हाय, सोंगाड्या हाय," साळूबाई दारातून बोलली.

"बायको नवऱ्याला काहीही म्हणेल," साहेब म्हणाले. "सोंग करून दाखव. तुमची रीत आम्हाला ठाऊक आहे. शेवटी मिशी उतरवून हातावर ठेवायची. ठेवलीस तर तू बहुरूपी, घरी जा. नाही ठेवलीस तर तू तोतया, सहा महिने."

अन् मिशी कुठं होती, तर साहेबांच्या उजव्या हाताला, अमीनसाहेबांच्या ओठावर.

सांडूनं सोंग सुरू केलं. बिनमिशीचं. आता खरं सांगते, माझं डोकं फिरायची पाळी आली. समोर एक उघड्या ओठाचा माणूस छाती काढून चालत होता अन् तो नुसता अमीन होता. माझा एक केससुद्धा त्याच्यावर नव्हता. तो मोहतमीम साहेबांसमोर येऊन उभा राहिला अन् दरडावला, "आपल्या घोड्यानं ठाण्यासमोर लीद टाकली. सरकारी जागा, सरकारी हवा. घोड्याचा हुलिया लिहून द्या." साहेबांच्या दाढीत हसू फुटलं. जवान फिसकन हसले. बाहेर गाव हसलं. पाच वर्षं मी कुणाच्या जिवावर उड्या मारत होते ते मला तिथं कळलं, अन् मला लाज वाटली.

"छान," साहेब डोळे पुसत म्हणाले. "आता उतरव."

सांडूचा हात ओठाकडं गेला. उघड्या, सोललेल्या ओठापाशी थांबला. त्यानं एक बोट दाखवलं असतं तर तो सुटला असता. 'ती काय, अमीनसाहेबांच्या ओठावर हाय', एवढंच बोलायचं होतं. साळूबाईनं तोंड उघडलं तसं त्यानं तिला डोळ्यानं गप्प केलं. ज्याच्या ओठावर मिशी, त्यानंच ती आपल्या हातानं उतरवायची, हे तो बापाकडून शिकला होता. तो मान खाली घालून उभा राहिला.

साहेबांचं हसू गेलं. "जवान, बेड्या आणा."

माझ्याखालचा ओठ आधी थरथरला अन् मग एकदम शांत झाला. इतका शांत की मीच घाबरले. कमरोद्दीनचा हात वर आला. मला त्यांनी एका बाजूनं धरलं अन् सावकाश सोललं. साधाच डिंक तो, मी लगेच निघाले. त्यांनी मला तळहातावर ठेवलं अन् दुसऱ्या हातानं सलाम केला.

"सोंग सरलं, हुजूर," ते म्हणाले. "हे माझं होतं. मिशी या माणसाची आहे."

साहेबांनी कागद बघितला, टक्कल बघितलं, ओठ बघितला. "मग तू कमरोद्दीन कशावरून?"

"कशावरूनच नाही, हुजूर. कागदावरून तर नाहीच. सकाळपासून सगळा बाजार मला दुसराच कुणी समजतोय, ही बघा ज्वारी. तापात माझी मिशी गेली. नोकरी जाऊ नये म्हणून ही लावली. लावली तेव्हा मला वाटलं, मी परत मी झालो. पण या माणसाला आत टाकून मी अमीन होणार असेन, तर मग मी कोण ते मलाच कळायचं नाही. आता उतरवताना हात माझा होता, एवढं मला पक्कं कळलंय. बाकी आपण ठरवा."

ते हे बोलले अन् मला रडू आलं. मिशीला रडता येत नाही, पण त्यांचा तळहात घामेजला होता तेव्हा माझं काम भागलं.

मोहतमीम साहेबांनी टाक मागितला, हुलियाचा कागद पुढं ओढला, एक ओळ खोडली अन् वर काहीतरी लिहिलं. जवानांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं, "उंच. सावळा. मिशा नाहीत. स्वतःच्या हातानं उतरवल्या." खाली सही केली. "अमीनसाहेब, ठाणं सांभाळा. अन् त्या दुसऱ्याचा अर्ज माझ्याकडं राहू द्या, मी बघतो त्याचं."

मग खिशातून एक रुपया काढून सांडूपुढं धरला. "घे. सोंग छान झालं."

सांडू एक पाऊल मागं सरला. "न्हाय हुजूर. रीत अशी हाय की मिशी उतरवंल त्याचं बक्षीस."

साहेबांनी सांडूकडं बघितलं, कमरोद्दीनकडं बघितलं, अन् रुपया माझ्याशेजारी, कमरोद्दीनच्या तळहातावर ठेवला. अमीनसाहेबांनी तो घेतला. अगदी सांडूसारखा वाकून सलाम केला. अन् मग ते हसायला लागले, सांडू हसायला लागला, साळूबाई दारात बसून हसत सुटली, अन् बाहेर कशाला हसतायत ते न कळता सगळा बाजार हसला.

त्या दिवसापासून मला लई हलकं वाटतं. मी अमीन नव्हते. सांडू माझा गडी नव्हता. अमीन करायला सांडूला मी लागत नव्हते अन् अमीन राहायला कमरोद्दीनना मी लागत नव्हते. मग मी कोण, हा प्रश्न उरलाच, पण आता तो टोचत नाही, गुदगुल्या करतो. पुढं माझे केस गळाले तसे साळूबाईनं स्वतःचे घातले, एकदा तर बकरीचे घातले. कमरोद्दीनची मिशी दोन महिन्यांत परत उगवली, तर ती त्यांनी रोज भादरून घेतली. कागदाशी जुळायला पाहिजे ना, म्हणायचे अन् डोळा मारायचे.

आता सांडू थकलाय. सोंगं बंद झाली. द्वारकाबाईंच्या रानात राखणीला असतो. जुनी वर्दी त्यानं बुजगावण्याला घातली, वर मडकं ठेवलं अन् मडक्यावर मला चिकटवलं. वजीफा, म्हणजे पेन्शन, घेऊन कमरोद्दीन याच गावात राहिलेत. रोज सकाळी ते बांधावरून जातात अन् इकडं बघून सलाम करतात. मचाणावरच्या सांडूला करतात, वर्दीला करतात का मला, हे मी विचारत नाही.

अन् या आठ दिवसांत एक चिमणी यायला लागलीय. पाखरांना भिववायला मला इथं बसवलंय अन् ही बया माझ्यावरच येऊन बसते. रोज एक केस उपटते अन् बोरीवरच्या घरट्यात नेते. काल चतुराबाई गेली. आज सकाळी घोडीचा एक लांब केस गेला, तो धरून उडताना चिमणी तीनदा खाली आपटली. बकरी जायचीय, साळूबाई जायचीय, मी जायचीय. मला इतकं हसू येतंय की मडकं हलतंय.

तू बांधावरून जाणारच आहेस, तर एवढं माझं काम कर. चिमणीला हाकलू नको. अन् अमीनसाहेब भेटले तर त्यांना सांग, उद्यापासून सलाम जरा उजवीकडं, बोरीकडं करा. मी तिकडं राहायला गेलेय. घरात चार अंडी आहेत अन् त्यांना अजून कुणीच सांगितलेलं नाही, की ती कोण आहेत.